घोड्यावरचा खान पाण्यात उतरतो

घोड्याच्या खाण्यात दोन गोष्टी येतात, चारा आणि चंदी. चारा म्हणजे गवत आणि चंदी म्हणजे भिजवलेलं धान्य. आपल्याकडच्या फौजांना दोन्ही लागायचं, म्हणून मोहिमेआधी दाणागोटा जमवण्यातच कितीतरी दिवस जायचे. मंगोलियाच्या माळावरच्या घोड्याला चंदीची गरज नव्हती. तो उभा राहील तिथलं गवत खायचा, आणि बर्फ पडला तर खुराने बर्फ उकरून खालचं गवत शोधायचा. प्रत्येक स्वाराजवळ असे तीन ते पाच घोडे असत. एक थकला की दुसऱ्यावर मांड टाकायची. चंगीझ खानाच्या स्वाऱ्या एवढ्या लांब का गेल्या, याचं निम्मं उत्तर या घोड्यात आहे. गवत असेल तिथवर त्याची रसद जमिनीतूनच उगवत होती.

यामुळेच मला चंगीझपेक्षा त्याचा नातू कुब्लाई खान जास्त विचार करायला लावतो. कुब्लाईच्या वाट्याला गवत संपल्यानंतरचा प्रदेश आला. त्याला भाताची खाचरं, रुंद नद्या, दमट जंगलं आणि शेवटी समुद्रही पार करावा लागला. त्याच्या चाळीस वर्षांच्या मोहिमांची नावं आणि सनावळ्या डोक्यात गोंधळ करतात. पण प्रत्येक मोहिमेत पाण्याचं काय झालं एवढं विचारत गेलं, की सगळं चित्र बरंच सोपं होतं.

कुब्लाईचा जन्म १२१५ सालचा. त्याच वर्षी त्याच्या आजोबांच्या सैन्याने उत्तर चीनमधलं चोंगतू शहर घेतलं. पुढे कुब्लाईने त्याच शहराजवळ दादू ही आपली राजधानी वसवली. तिलाच आज आपण बीजिंग म्हणतो. १२५१ मध्ये त्याचा थोरला भाऊ मोंगके मंगोलांचा सर्वोच्च खान, म्हणजे खागान झाला आणि त्याने उत्तर चीनचा कारभार कुब्लाईकडे सोपवला. दक्षिण चीनमध्ये तेव्हा सोंग घराण्याचं राज्य होतं. कागदी पैसा, तोफेची दारू, समुद्रापारचा व्यापार आणि नद्यांवर पहारा देणारं आरमार हे सगळं तिथे होतं, आणि उत्तरेकडून येणाऱ्याला अडवायला मध्ये यांगत्से नदी आडवी होती. ही नदी सोंगांना हजार तटांच्या जागी होती.

मोंगकेने ठरवलं की समोरून धडक न देता बगलेतून शिरायचं. म्हणून १२५३ मध्ये कुब्लाई नैर्ऋत्येला दालीच्या राज्यावर निघाला. हे राज्य आजच्या युन्नान प्रांतात होतं. वाटेत खोल दऱ्या आणि चिन्शा नदीचा जोरदार प्रवाह आडवा आला. कातड्यांत हवा भरून त्यांचे तराफे बांधले आणि त्यांवरून सैन्य उतरलं. दालीत त्याच्या वकिलांना ठार मारलं होतं. मंगोलांच्या रिवाजाप्रमाणे याची शिक्षा सगळ्या शहराला व्हायची. कुब्लाईने ती फक्त जबाबदार प्रधानाला दिली आणि शहर वाचवलं. राजा त्वान शिंगच्ही पुढे पकडला गेला, पण त्यालाच पुन्हा गादीवर बसवून मोंगकेने त्याला ‘महाराजा’ असा किताब दिला. हो, आपलाच संस्कृत शब्द. दाली बौद्ध राज्य होतं आणि तिथे ही पदवी आधीपासून चालत आलेली होती. मंगोल खानाने चीनच्या कोपऱ्यातल्या राजाला महाराजा म्हणावं, हे वाचताना मला अजून नवल वाटतं.

हरलेल्याला मारायचं नाही, कामाला लावायचं, हे कुब्लाईचं धोरण इथे पहिल्यांदा ठळक दिसतं. पुढचा सगळा विजय त्यावरच उभा आहे.

१२५९ मध्ये मोंगके स्वतः सोंगांवर चालून गेला आणि सच्वानमधल्या द्याओयू नावाच्या डोंगरी किल्ल्यापाशी अडकला. तीन नद्या एकत्र येतात त्या जागी हा डोंगर आहे आणि त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे. माथ्यावर शेतं आणि तळी होती. गडावरच पिकतं आणि गडावरच पाणी आहे, अशा जागेला वेढा घालून उपाशी कसं मारणार? उन्हाळा वाढला, छावणीत रोग पसरला आणि मोंगके तिथेच मेला. कोणी म्हणतं आजाराने, कोणी म्हणतं किल्ल्यावरून आलेल्या माऱ्यातल्या जखमेने. किल्ला मात्र पुढे आणखी वीस वर्षं उभा राहिला.

कुब्लाई तेव्हा यांगत्सेकाठी अजौ शहराला वेढा घालून बसला होता. तो मागे फिरला. १२६० मध्ये त्याने स्वतःला खागान जाहीर केलं, आणि त्याच सुमारास धाकटा भाऊ अरिक बोके यानेही. अरिक बोकेच्या ताब्यात मंगोलियातली जुनी राजधानी काराकोरम होती, त्यामुळे मान त्याच्याकडे होता. पण काराकोरम माळावर वसवलेलं शहर, तिथे पिकत काही नव्हतं. चीनमधून धान्याच्या गाड्या येत तेव्हा तिथल्या चुली पेटत. कुब्लाईने त्या गाड्या थांबवल्या. लढाया झाल्याच, पण निकाल धान्याने लावला. १२६४ मध्ये अरिक बोके शरण आला. माळावरचं राजकारण शेतातल्या धान्यावर चालतं हे कुब्लाईला तेव्हाच कळलेलं होतं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

आता श्यांगयांग. मला विचाराल तर कुब्लाईची सगळ्यात मोठी लढाई हीच.

हान नावाची नदी उत्तरेकडून येऊन यांगत्सेला मिळते. तिच्या दक्षिण काठावर श्यांगयांग आणि उत्तर काठावर फानचंग अशी दोन तटबंद शहरं समोरासमोर होती. मधे होड्यांचा पूल होता. एकावर हल्ला झाला की दुसऱ्यातून माणसं आणि दाणा पुलावरून यायचा. ही जोडी फुटली की हान नदीतून सरळ यांगत्सेत आणि तिथून सोंगांच्या राजधानीपर्यंत पाण्याची वाट मोकळी होती. म्हणजे कुलूप इथे होतं.

हे कुलूप दाखवणारा माणूस सोंगांचाच होता. लिऊ चंग हा त्यांचा सेनापती वरिष्ठांच्या संशयाला कंटाळून १२६१ मध्ये कुब्लाईकडे आला. त्याचं सांगणं सरळ होतं. घोडदळात आपण वरचढ आहोत, पाण्यावर नाही, तेव्हा आधी आरमार उभं करा. जुन्या नोंदींप्रमाणे ५,००० नावा बांधल्या आणि ७०,००० माणसांना त्यांवर लढायला शिकवलं. पावसाने बाहेर पडता येत नसे त्या दिवशी जमिनीवर नावेची आकृती काढून तिच्यात उभं राहून सराव करत, असा उल्लेख युआन, म्हणजे कुब्लाईने चीनमध्ये स्थापलेल्या घराण्याच्या, इतिहासात आहे. कुब्लाईच्या सगळ्या कारकिर्दीतलं मला सगळ्यात आवडतं दृश्य हेच आहे. इतकी मोठी सत्ता हातात असताना ओल्या दिवशी जमिनीवर रेघा ओढून मुळापासून शिकणं सोपं नसतं.

१२६८ मध्ये वेढा सुरू झाला. मंगोलांनी शहरांभोवती गढ्या बांधल्या, नदीत खांब रोवले आणि वाट अडवली. ‘मंगोलांनी’ असं म्हणायचं खरं, पण या सैन्यात उत्तर चीनचे लोक फार मोठ्या संख्येने होते. खरे मंगोल स्वार या वेढ्यात कमी कामाचे, कारण तटावर घोडा चढत नाही. सोंगांच्या काही तुकड्या जिवावर उदार होऊन नदीतून रसद घेऊन आत घुसल्या, पण पाच वर्षं अशा धाडसावर निघत नाहीत.

तट मात्र फुटत नव्हता. चीनमध्ये दगड फेकण्याची यंत्रं जुनी होती, पण ती माणसांनी दोर ओढून चालायची. कुब्लाईने पश्चिमेला, इराणवर राज्य करणारा आपला पुतण्या अबाका याच्याकडे कारागीर मागितले. तिथून इस्माईल आणि अलाउद्दीन हे दोघे आले. त्यांचं यंत्र वेगळं होतं. एक लांब तुळई टेकूवर ठेवायची, लहान मुलांच्या सी-सॉसारखी, पण टेकू मध्यावर नाही, एका टोकाजवळ. आखूड टोकाला दगडमातीने भरलेली प्रचंड पेटी आणि लांब टोकाला गोफण. लांब टोक खाली ओढून अडकवायचं आणि मग अडणा काढायचा. पेटी धाडकन खाली येते, लांब टोक आभाळात जातं आणि गोफण सुटते. दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर दरवेळी कमीजास्त होतो, पण पेटीचं वजन बदलत नाही. त्यामुळे दगड पुन्हा पुन्हा एकाच जागी बसतो, आणि तट एकाच जागी मार खाऊन फुटतो. नोंदीत या दगडाचं वजन १५० चिन दिलं आहे, म्हणजे आजच्या हिशोबाने ९० किलोच्या आसपास.

आधी होड्यांचा पूल तोडला. मग एकटं पडलेलं फानचंग १२७३ च्या सुरुवातीला पडलं आणि तिथे मोठी कत्तल झाली. ती पलीकडच्या काठावरून दिसत होती. मग यंत्रं श्यांगयांगकडे वळवली. किल्लेदार ल्यू वेनहुआन पाच वर्षं झुंजला होता आणि राजधानीतून मदत येत नव्हती. मार्च १२७३ मध्ये तो शरण आला. कुब्लाईने त्याचा जीव तर राखलाच, वर मोठी जागा दिली. यांगत्सेवरच्या पुढच्या स्वारीत हा ल्यू वेनहुआन सैन्याच्या पुढे होता. वाटेतल्या कित्येक शहरांचे अधिकारी त्याच्या हाताखालचे किंवा नात्यातले होते, आणि त्याच्या शब्दावर त्यांनी दरवाजे उघडले. एका माणसाला माफी देऊन किती वेढे वाचले! (मार्को पोलोच्या वर्णनात ही यंत्रं बांधून दिल्याचं श्रेय पोलो मंडळींना दिलेलं आहे. ते खरं नाही. मार्को चीनला पोचला तो शहर पडल्यानंतर.)

बायान या सेनापतीने नदीमार्गे पुढे जाऊन १२७६ मध्ये राजधानी लिन-आन, म्हणजे आजचं हांगचौ, घेतलं. बालराजाच्या वतीने आजी राणीने शरणागती दिली आणि शहराची लूट झाली नाही. उरलेले निष्ठावंत आणखी दोन लहान राजपुत्रांना घेऊन समुद्रात गेले. १९ मार्च १२७९ ला दक्षिणेकडे याशानच्या खाडीत शेवट झाला. सोंगांच्या सेनापतीने आपली जहाजं एकमेकांना साखळ्यांनी बांधून पाण्यावरच जणू कोट उभा केला. कुब्लाईच्या आरमाराने त्यांची गोड्या पाण्याची वाट तोडली. तहानेने लोक समुद्राचं पाणी प्यायले आणि ओकून ओकून गळाले. मग हल्ला झाला. सगळं संपल्यावर लू श्यौफू या मंत्र्याने त्या राजपुत्रांतल्या धाकट्याला, तेव्हाच्या लहानग्या राजाला, पाठीवर घेतलं आणि समुद्रात उडी टाकली. राजा आठ वर्षांचाही नव्हता. कुब्लाईच्या कर्तृत्वाचं कौतुक करताना हे मूल विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

इथवर पाणी कुब्लाईच्या बाजूने होतं. याला एक साधं कारण आहे. नदीला दोन काठ असतात. घोडदळ काठाने चालतं, नावा मधून चालतात, धान्य मागून येतं, आणि काही बिनसलं तर बाहेर पडायला जमीन जवळच असते. समुद्राला दुसरा काठ दिसत नाही.

जपानकडे त्याने १२६६ पासून दूत धाडायला सुरुवात केली होती. जपानचा कारभार होजो घराण्यातल्या राजप्रतिनिधींच्या हाती होता आणि उत्तर येत नव्हतं. १२७४ मध्ये कोरियातल्या गोर्यो राज्याला जहाजं बांधायला लावली, आणि तीही घाईत. सुमारे ९०० जहाजं त्सुशिमा आणि इकी ही बेटं मारून हाकाताच्या उपसागरात शिरली. सामुराई एकट्याने पुढे येऊन लढणारे होते, समोर मात्र नगाऱ्याच्या तालावर हलणारी तुकडी होती आणि स्फोट होणारे मातीचे गोळे होते. तरी संध्याकाळपर्यंत एक सेनानी जखमी झाला आणि फौज विस्कळीत झाली. युआन इतिहास तर स्पष्ट सांगतो की बाण संपले होते. माळावर बाण संपले तर मागच्या तळावरून येतात. इथे मागे समुद्र होता. सैन्य परतलं.

जपानने पुढचे दूत ठार मारले आणि १२७६ पासून हाकाताच्या किनाऱ्यावर सुमारे २० किलोमीटरची दगडी भिंत उभारली. उंची दोन-तीन मीटरच, पण घोडे जहाजातून उतरून चढवायला जागा मिळू नये एवढंच तिचं काम होतं. १२८१ मध्ये कुब्लाईने दोन आरमारं पाठवली. कोरियातून ४०,००० माणसं आणि ९०० जहाजं, दक्षिण चीनमधून १,००,००० माणसं आणि ३,५०० जहाजं, असे जुने आकडे आहेत. ते फुगवलेले असतील, पण मोहीम अवाढव्य होती यात शंका नाही. दोघांनी इकी बेटाजवळ एकत्र यायचं ठरलं होतं. दक्षिणेचं आरमार वेळेवर आलं नाही, कोरियातलं वाट न पाहता एकटंच पुढे गेलं, आणि भिंतीपुढे अडलं. रात्री जपानी लोक लहान होड्यांतून येऊन जहाजांवर चढत, कापाकापी करून निघून जात. उन्हाळ्यात कोंदट जहाजांवर दाटीवाटीने राहून माणसं आजारी पडली. आठवडे गेले. ऑगस्टच्या मध्याला वादळ आलं.

जपानमध्ये त्या वादळाला ‘कामिकाझे’, देवांचा वारा, असं नाव पडलं. श्रद्धेचा मान ठेवूनही मला वाटतं की वारा शेवटी आला. भिंत बांधणारे गवंडी-मजूर आणि रात्री होडी काढणारे लोक यांनी ते आरमार तोवर पाण्यावर रोखून धरलं होतं. ते ऑगस्टपर्यंत समुद्रावर अडकलंच नसतं, तर वादळाने कोणाला बुडवलं असतं? आणि दक्षिणेच्या आरमारातले बहुतेक लोक काहीच वर्षांपूर्वीपर्यंत सोंगांचे सैनिक होते. वादळानंतर सेनापती उरलेल्या जहाजांत बसून निघून गेले आणि हजारो माणसं ताकाशिमा बेटावर टाकून दिली. जपान्यांनी त्यांतल्या मंगोल, कोरियन आणि उत्तर चिनी लोकांना मारलं, दक्षिण चिन्यांना गुलाम करून ठेवलं.

योगायोग असा की त्याच १२८१ सालचा एक तमिळ शिलालेख दक्षिण चीनच्या च्वानचौ बंदरात सापडला आहे. तिथल्या तमिळ व्यापाऱ्यांनी शंकराचं मंदिर उभारलं त्याचा. कुब्लाईच्या बंदरांत एकीकडे युद्धासाठी जहाजं बांधली जात होती आणि दुसरीकडे आपल्या दक्षिणेतले लोक देऊळ बांधत होते.

तिसऱ्या जपान स्वारीची तयारी चालू होती, पण १२८६ मध्ये ती सोडून दिली. कारण तोवर दक्षिणेत दुसरं दुखणं उभं राहिलं होतं.

ब्रह्मदेशात १२७७ मध्ये पगान राज्याच्या हत्तींना पाहून घोडे बुजले, तेव्हा स्वार खाली उतरले, घोडे झाडांना बांधले आणि पायी उभं राहून हत्तींवर बाण सोडले. हत्ती उलटे फिरले. तिथे मंगोलांचं जमलं. दाइ व्हिएत, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या उत्तर भागात मात्र जमलं नाही. तिथला सेनापती चान हुंग दाओ आणि चान घराण्याचे राजे यांनी ठरवलं होतं की राजधानी राखायची नाही, धान्य राखायचं. शत्रू आला की शहर रिकामं करायचं आणि दाणा लपवायचा किंवा जाळायचा. १२८५ मध्ये कुब्लाईचा मुलगा तोगान राजधानीत शिरला तेव्हा तिथे खायला काही नव्हतं. उकाडा आणि ताप यांनी उरलेलं काम केलं, आणि परतीच्या झटापटींत सोगेतू हा नामांकित सेनानी मारला गेला.

१२८७ च्या अखेरीला तोगान पुन्हा आला. या वेळी धडा घेऊन धान्याची जहाजं वेगळी आणली होती. पण लढाऊ आरमार पुढे गेलं आणि धान्याचं मागे राहिलं. व्हान दोनजवळ व्हिएतनामी लोकांनी ते मागचं आरमारच गाठलं. काराकोरमच्या धान्यगाड्या अडवून जो खागान झाला, त्याच्याच मुलाची रसद अशी तुटली.

माघार घेणारं आरमार एप्रिल १२८८ मध्ये बाक दांग नदीच्या मुखाशी आलं. तिथे चान हुंग दाओने नदीच्या तळात टोकदार लाकडी खुंटे रोवून ठेवले होते. भरतीला खुंटे पाण्याखाली असतात, दिसत नाहीत. लहान होड्यांनी हूल दिली आणि पळ काढला, तशी मोठी जहाजं पाठलागावर आत शिरली. ओहोटी लागली. पाणी उतरलं तसे खुंटे वर आले आणि जहाजं त्यांवर चढून फसली. आरमाराचा प्रमुख ओमार पकडला गेला. कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या माणसाला ही युक्ती दुसऱ्यांदा समजावून सांगावी लागणार नाही. गंमत म्हणजे ती नवी नव्हतीच. याच नदीत ९३८ साली न्गो क्वेन याने चिनी आरमार असंच अडकवलं होतं. विजयानंतर दाइ व्हिएतच्या राजाने कुब्लाईकडे नजराणे पाठवले, नावापुरतं मांडलिकत्व मान्य केलं आणि राज्य वाचवलं. लढाई जिंकूनही नमस्कार करण्याची ही समज मला खुंट्यांइतकीच मोलाची वाटते.

शेवटची मोहीम जावाची. तिथल्या सिंहसारी राज्याचा राजा कृतनगर याने १२८९ मध्ये कुब्लाईच्या दूताचा चेहरा विद्रूप करून त्याला परत पाठवलं. १२९२ च्या अखेरीस २०,००० सैनिक आणि १,००० जहाजं निघाली. ती पोचली तेव्हा शिक्षा करायची तो कृतनगर आधीच मारला गेला होता. केदिरीच्या जयकत्वंगने त्याचा काटा काढला होता. कृतनगराचा जावई विजय पुढे आला आणि म्हणाला, मी तुमचा मांडलिक, आधी जयकत्वंगला धडा शिकवू. १२९३ मध्ये दोघांनी मिळून केदिरी जिंकलं. मग विजयने नजराणा आणतो म्हणून निरोप घेतला, सोबत दिलेल्या सैनिकांना कापलं आणि थकलेल्या फौजेवर उलटला. कुब्लाईचा सेनापती शी-बी याला फार थांबताही येत नव्हतं. मोसमी वारा एकदा फिरला की चीनला परतायला पुन्हा काही महिने थांबावं लागणार, आणि अनोळखी बेटावर तेवढे दिवस खायचं काय? ३,००० च्या वर माणसं गमावून तो ६८ दिवसांत च्वानचौला पोचला. तिथे त्याला फटके मिळाले आणि मालमत्तेचा तिसरा हिस्सा जप्त झाला. विजयने मजपहित राज्य स्थापलं. पुढे दोनशे वर्षं त्या समुद्रावर त्याचं नाव राहिलं.

फेब्रुवारी १२९४ मध्ये कुब्लाई वारला. दाइ व्हिएतवर आणखी एका स्वारीची तयारी तेव्हा चालू होती. गादीवर आलेल्या नातवाने, तेमूरने, ती रद्द केली.

१९७४ मध्ये ताकाशिमाच्या किनाऱ्यावर तिसऱ्या (शिंपले) खणून काढताना एका कोळ्याला काशाचा लहानसा चौकोनी शिक्का सापडला. कुब्लाईच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याचा, १२७७ मध्ये घडवलेला. त्याच्यावरची लिपी चिनी नाही. साम्राज्यातल्या सगळ्या भाषांना एकच लिपी असावी म्हणून कुब्लाईने फाग्स्पा या तिबेटी लामाकडून १२६९ मध्ये नवी अक्षरं करवून घेतली होती. ती तिबेटी लिपीवरून केलेली, आणि तिबेटी लिपी ब्राह्मीच्या कुळातली. म्हणजे हा लेख ज्या देवनागरीत लिहिला आहे तिची ती दूरची बहीण, जपानच्या समुद्रात सातशे वर्षं पडून राहिलेली.